जुना मायक्रोमीटर हातात घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ आहे, लहान मिलिंग मशीन आहे, टर्निंग-बोअरिंगची कामं चालतात. चांगल्या नावाची नवी मोजमापाची साधनं घ्यायची तर हात आखडतो. जुन्या बाजारात मात्र नामांकित कंपन्यांचे मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज (बारीक सरकणं तबकडीवर काट्याने दाखवणारे), स्लिप गेज (ठरलेल्या नेमक्या जाडीचे कडक ठोकळे) नेहमीच दिसतात. ते खरंच कामाला वापरता येतील, की कपाटात मांडून ठेवण्यापुरतेच? घेताना काय बघायचं आणि घरी आणल्यावर साफ कसं करायचं?

वापरता येतात, आणि अगदी बिनधास्त वापरता येतात. माझ्या बेंचवरचा रोजचा ०–२५ मि.मी.चा मायक्रोमीटर माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि शंभरांश मिलिमीटरच्या कामात मी त्याच्या भरवशावर जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, उतरवतो. हा भरवसा त्याच्यावर कोरलेल्या नावामुळे आलेला नाही. तो कुठे किती चुकतो हे मी मोजून लिहून ठेवलंय, म्हणून आलाय. जुन्या साधनांबद्दल मला जे काही सांगायचंय ते सगळं याच एका गोष्टीवर येऊन थांबतं. ज्याची चूक माहीत आहे ते साधन कामाचं. ज्याची माहीत नाही ते शोभेचं, मग ते कालच कारखान्यातून आलेलं का असेना.

म्हणून पहिली खरेदी जुन्यातली करू नका. आधी थोडेसे नवे स्लिप गेज प्रमाणपत्रासकट घ्या. पूर्ण संच लागत नाही. ०–२५ मायक्रोमीटर तपासायला दहा मापं पुरतात: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५ मि.मी. हे आकडे पहिल्यांदा पाहिले की विचित्र वाटतात. पाच, दहा, पंधरा का नाही? कारण मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा सरकतो ते अंतर, अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पाच, दहा, पंधरा अशी मापं लावलीत तर थिंबल (बोटांनी फिरवायचं, कडेला रेघा कोरलेलं टोपण) प्रत्येक वेळी शून्याच्याच रेघेवर येऊन थांबतं आणि स्क्रूची एकच बाजू तपासली जाते. वरच्या मापांनी थिंबल दर वेळी पाचव्या हिश्श्याने पुढे सरकतं. कधी १० वर, कधी २० वर, कधी ३०, कधी ४० वर. त्यामुळे आटे लांबीभर कसे आहेत ते कळतं आणि एका फेऱ्याच्या आत स्क्रू कुठे डगमगतोय का तेही कळतं. हे दहा गेज हाताशी असले की पुढची प्रत्येक जुनी वस्तू तुम्ही स्वतः पारखू शकता, कुणाच्या शब्दावर अवलंबून राहावं लागत नाही.

आता घेताना काय बघायचं. सगळ्यात आधी चमक बाजूला ठेवा. एकदा मी आरशासारखा लखलखणारा मायक्रोमीटर घेतला आणि घरी येऊन भिंगाखाली धरला. रेघांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या, आकड्यांतला काळा रंग अर्धा गेलेला, आणि स्पिंडलच्या (थिंबलबरोबर फिरत पुढे-मागे होणाऱ्या दांड्याच्या) टोकाची धारदार कड गोल झालेली. विकण्याआधी कुणीतरी तो बफिंग व्हीलवर धरला होता. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते या धंद्यात शब्दशः खरं आहे. अनेक वर्षांच्या हातांनी काळवंडलेला, तेलाचा थर बसलेला, पण कडा शाबूत असलेला मायक्रोमीटर मी त्यानंतर नेहमीच पसंत केला. काळपट डाग मापात येत नाही. गोल झालेली कड येते.

हातात घेतलात की स्पिंडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू, दोन बोटांनी फिरवा. सबंध प्रवासात त्याचा विरोध एकसारखा जाणवला पाहिजे. सुरुवातीला सैल, मग घट्ट, मग पुन्हा सैल असं वाटलं तर एका भागातले आटे झिजलेत. जो मायक्रोमीटर वर्षानुवर्षं एकाच जॉबवर राहिला त्याचं असंच होतं. अशा वेळी विकणारा म्हणेल, ‘नट आवळला की होईल.’ स्लीव्हच्या (थिंबलखालच्या, मापाच्या रेघा असलेल्या नळीच्या) आतला नट चिरलेला असतो आणि त्याच्या बाहेरच्या निमुळत्या आट्यांवर दुसरा नट बसतो, तो आवळून ढिलाई काढता येते हे खरं. पण झिजलेल्या भागासाठी आवळलात तर न झिजलेल्या भागात स्पिंडल अडकतो. एकसारखी ढिलाई असेल तरच आवळण्याचा उपयोग.

मग स्पिंडल बंद करून तोंडं प्रकाशासमोर धरा. मोजणारी दोन्ही तोंडं एकमेकांना भिडलेली असताना मधून उजेडाची रेघ दिसायला नको. ही तपासणी सगळेच सांगतात, पण ती अर्धीच आहे, आणि ती अर्धी का हे मला महागात पडून कळलं.

जुन्या मायक्रोमीटरची तोंडं कार्बाइडची नसतात, कडक केलेल्या स्टीलची असतात. हजारो वेळा घासून ती मध्यभागी खोलगट होतात, बशीसारखी. अशा मायक्रोमीटरचं शून्य अगदी बरोबर लागतं, कारण कडा कडांना भिडतात. उजेड दिसत नाही, कारण खोलगा आत आहे. रुंद स्लिप गेजही बरोबर मोजला जातो, कारण तोही कडांवरच टेकतो. मी अशाच एका मायक्रोमीटरने ३ मि.मी. व्यासाच्या लहान पिनांची लांबी मोजली. पिन उभी, तिची दोन टोकं तोंडांच्या बरोबर मधोमध. वाचन १२.०० येत होतं आणि पिना जागेवर बसत नव्हत्या. प्रत्यक्षात त्या १२.०१ होत्या. मधल्या खोलग्यात पिन बुडत होती आणि मायक्रोमीटर कमी दाखवत होता. त्या दिवसापासून मी बेअरिंगमधली एक छोटी कडक गोळी खिशात ठेवतो. गोळी दोन तोंडांच्या मध्ये मधोमध धरून वाचन घ्यायचं, मग वरच्या कडेजवळ, खालच्या, डाव्या, उजव्या. पाचही वाचनं एकसारखी आली तर तोंडं सपाट आणि समांतर. मध्यभागी कमी आलं तर बशी झालीय. एका कडेला जास्त आणि समोरच्या कडेला कमी आलं तर तोंडं समांतर नाहीत. एवढ्या स्वस्तात इतकं काही सांगणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

ज्यांच्याकडे ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट घासलेली काच) आहे त्यांचं काम आणखी सोपं. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली काच तोंडावर टेकवली की काळे पट्टे उमटतात. पट्टे सरळ आणि समान अंतरावर असतील तर तोंड सपाट आहे. वाकलेले किंवा वर्तुळाकार असतील तर नाही. एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत उंचीत जवळजवळ ०.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक असतो, प्रकाशाच्या लहरीच्या लांबीच्या निम्मा. ऑप्टिकल पॅरलल (दोन्ही बाजू सपाट आणि समांतर असलेल्या काचा) चारच्या संचात मिळतात, १२.००, १२.१२, १२.२५, १२.३७ मि.मी. असे. जाडीत पाव-पाव फेऱ्याचा फरक ठेवलेला असतो, म्हणजे स्पिंडल फिरताना तोंड तिरपं होतंय का ते चारही बाजूंनी दिसतं.

तोंडं थोडी खराब असतील तर लॅप करून (बारीक घासून सपाट करून) घेता येतील का, असं बरेच जण विचारतात. येतात, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे. अंदाजाने काचेवर एमरी पेपर ठेवून घासणं म्हणजे बरा होण्यासारखा रुग्ण हातचा घालवणं. आणि तोंडं बाद झालेला मायक्रोमीटर जुना आणि दुर्मीळ असेल, तर तो तसाच ठेवा. त्याची जागा संग्रहात आहे.

संग्रहाचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास सांगतो, कारण वस्तूचं वय ओळखायला तो उपयोगी पडतो. हातात मावणाऱ्या स्क्रू कॅलिपरचं पेटंट १८४८ मध्ये फ्रान्सच्या जाँ लोराँ पामेर यांनी घेतलं. १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सच्या जोसेफ ब्राउन आणि लुशियन शार्प यांनी ते साधन पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी पत्र्याची जाडी मोजणारा खिशातला गेज बनवायला घेतला. एक इंची मायक्रोमीटर त्यांच्या कॅटलॉगमध्ये आला १८७७ मध्ये. अमेरिकेतल्याच अॅथोलच्या लेरॉय स्टॅरेट यांनी कॉम्बिनेशन स्क्वेअर (सरकत्या डोक्याचा गुण्या) काढला तो याच काळात, आणि त्यांची कंपनी सुरू झाली १८८० मध्ये. इंग्लंडमधल्या शेफील्डची मूर अँड राइट कंपनी १९०६ ची. जपानच्या मित्सुतोयोची स्थापना १९३४ ची आणि त्यांचा पहिला मायक्रोमीटर १९३७ चा.

यातला एक तपशील संग्राहकांना नेहमी फसवतो. जुन्या अमेरिकन साधनांवर पेटंटची तारीख ठोकलेली असते, आणि विकणारा तीच बनावटीची तारीख म्हणून सांगतो. पेटंटनंतर कितीतरी वर्षं तोच ठसा मारला जायचा. त्यापेक्षा नावाचा ठसा जास्त बोलतो. पट्टीवर ‘डार्लिंग, ब्राउन अँड शार्प’ असं असेल तर ती १८६६ नंतरची, सॅम्युअल डार्लिंग भागीदार असतानाच्या काळातली. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेलं असेल तर ते १९४९ आणि १९९० च्या मधलं. फ्रेमवर आधीच्या मालकाने कोरलेलं नाव किंवा आद्याक्षरं असतील तर ती घासून काढायची नाहीत. मला विचाराल तर अशी अक्षरं असलेली वस्तू मी मुद्दाम उचलतो. ज्याने आपलं नाव घातलं त्याने बहुतेक वेळा ती जपलीही.

इंचातली साधनं स्वस्तात मिळतात म्हणून टाळू नका. इंची मायक्रोमीटरला इंचाला ४० आटे, थिंबलवर २५ भाग, एक भाग म्हणजे एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग. २५.४ ने गुणायची सवय होते. ‘जुना इंच वेगळा होता’ असं कुणी घाबरवलं तर हिशेब करून बघा. १८९३ पासून अमेरिकेत एक मीटर म्हणजे ३९.३७ इंच धरत, त्याने इंच २५.४०००५१ मि.मी. होतो. १९५९ मध्ये तो बरोबर २५.४ ठरला. फरक इंचामागे मायक्रॉनच्या विसाव्या भागाएवढा. आपल्या कामात तो कधीच दिसणार नाही. तापमानाचा फरक मात्र रोज दिसतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, हे १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मि.मी.चा जॉब मायक्रोमीटरपेक्षा पाच अंशांनी गरम असेल तर जवळजवळ सहा मायक्रॉन तिथेच गेले. अॅल्युमिनियम असेल तर याच्या दुप्पट. कट मारून लगेच मोजलेला आकडा आणि अर्ध्या तासाने मोजलेला आकडा वेगळा का, याचं उत्तर बहुतेक वेळा साधनाच्या वयात नसतं.

जुन्या मायक्रोमीटरला अनेकदा रॅचेट (ठरावीक दाबानंतर आपोआप घसरणारी टोकाची मूठ) नसतो, आणि ती मला उणीव वाटत नाही. हाताला वळण लावावं लागतं, इतकंच. एक स्लिप गेज घ्या, तो दहा वेळा मोजा, प्रत्येक वेळी पूर्ण उघडून पुन्हा लावा, आणि वाचनं लिहा. सुरुवातीला पाच-सहा मायक्रॉन इकडेतिकडे होईल. आठवडाभर रोज दहा वेळा केलंत की दोन मायक्रॉनच्या आत येईल. ते येईपर्यंत साधनाला दोष देऊ नका. आवळण्याचं बळ फार थोडं लागतं, रॅचेटचंच पाच ते दहा न्यूटन असतं. सी-क्लॅम्पसारखा आवळणारा माणूस फ्रेम वाकवतो आणि वाकलेल्या फ्रेमसकट मोजतो.

व्हर्निअरकडे वळू. १६३१ मध्ये पिएर व्हर्निए यांनी मांडलेली ही कल्पना आजही तशीच चालते, आणि जुन्या कडक स्टीलच्या व्हर्निअरइतकं टिकणारं दुसरं काही नाही. त्यात बॅटरी नाही, दातेरी पट्टी नाही. पण जबडा आणि मोजपट्टी एका रेषेत नसल्यामुळे सरकता जबडा जरा तिरपा झाला की टोकाशी चूक वाढते. मायक्रोमीटरमध्ये जॉब आणि स्क्रू एकाच रेषेत असतात, म्हणून तो जास्त अचूक. एर्न्स्ट अॅबे यांनी १८९० मध्ये मांडलेलं तत्त्व हेच. त्यामुळे व्हर्निअर तपासताना एकच गेज जबड्यांच्या मुळाशी धरून वाचा आणि मग टोकाशी. दोन वाचनांत फरक पडला तर जबडे फाकलेत किंवा सरकत्या जबड्याची पट्टी ढिली आहे. जुन्या युरोपियन धाटणीच्या व्हर्निअरला आतलं माप घ्यायला खाली गोलसर टोकं असतात, आणि वाचनात त्या टोकांची रुंदी मिळवावी लागते, बहुतेक वेळा १० मि.मी. टोकं झिजलेली असतील किंवा कुणी घासून सारखी केली असतील तर ती ९.९७ वगैरे निघतात. मिळवायचा आकडा छापील धरू नका, मायक्रोमीटरने त्या टोकांची रुंदी स्वतः मोजा.

डायल गेजला आधी एकच कसोटी लावा: तो परत त्याच जागी येतो का. स्टँडवर लावा, खाली गेज ठेवा, प्लंजर दहा वेळा उचलून सोडा. काटा दर वेळी त्याच रेघेवर आला पाहिजे. अडखळत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा कारण एकच असतं, कुणीतरी मायेने प्लंजरला तेल घातलंय आणि ते वाळून चिकट झालंय. प्लंजर अल्कोहोलने पुसा आणि कोरडाच ठेवा. फवाऱ्याची तेलं तर त्याच्या आसपासही नकोत. लिव्हरच्या टेस्ट इंडिकेटरची (झुलत्या भुजेने वाचणाऱ्या छोट्या डायल गेजची) टेकणारी भुजा पृष्ठभागाला शक्य तितकी समांतर ठेवा. भुजा ३० अंश तिरपी असेल तर खरं सरकणं वाचनाच्या ०.८७ पटच असतं. जॉब सेंटर करताना याने बिघडत नाही, कारण तिथे काटा स्थिर ठेवायचा असतो, आकडा वाचायचा नसतो.

जुने स्लिप गेज हा मोहाचा विषय आहे. स्वीडनच्या एस्किल्स्टुनाच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि त्यांच्या नावाची लाकडी पेटी समोर आली की हात पुढे जातोच. घ्या, पण प्रमाण म्हणून घेऊ नका. स्टील वर्षांनुवर्षांत थोडं हलतं, आणि गेज किती हातांतून गेलेत ते पेटी सांगत नाही. माझी पद्धत अशी. दोन गेज स्वच्छ पुसायचे, एक दुसऱ्यावर आडवा टेकवून हलकेच सरकवायचा. चांगल्या पृष्ठभागावर तो आधी तेलावरून घसरल्यासारखा जातो, मग अचानक धरतो, आणि उचललात की खालचा गेज बरोबर येतो. ती पकड बोटांना एकदा कळली की विसरत नाही. जो गेज धरत नाही त्याच्यावर कुठेतरी बारीक बर (वर आलेला धातूचा कण) आहे किंवा गंजाचा ठिपका आहे. सपाट ग्राइंड केलेल्या डीबरिंग स्टोनवर वजन न देता एकदोनदा फिरवलात तर फक्त वर आलेली बर जाते, पृष्ठभागाला धक्का लागत नाही. एमरी कधीच नाही. जुन्या संचातले जे धरतात ते मी सेटिंगसाठी, साइन बारखाली (कोन लावायच्या दांड्याखाली), खाचेत भरायला वापरतो. मायक्रोमीटरचं प्रमाण मात्र त्या प्रमाणपत्रवाल्या दहांकडेच.

काही जुनी साधनं तर स्वतःची परीक्षा स्वतः देतात, आणि नवख्या माणसाने ती आधी घ्यावीत असं माझं ठाम मत आहे. लेव्हल एका जागी ठेवा, बुडबुडा वाचा, लेव्हल त्याच जागी उलट फिरवून ठेवा, पुन्हा वाचा. दोन्ही वाचनं खोलीच्या एकाच दिशेने धरलीत तर त्यांच्या फरकाचं निम्मं म्हणजे लेव्हलची चूक, आणि त्यांची सरासरी म्हणजे पृष्ठभागाचा खरा उतार. चांगल्या मास्टर लेव्हलचा एक भाग कोनाच्या दहा सेकंदांचा असतो, म्हणजे मीटरला साधारण ०.०५ मि.मी. लेथचा बेड पारखायला एवढं पुरतं. गुण्याचंही तसंच. सरळ कडेला टेकवून एक बारीक रेघ मारा, गुण्या पालथा घालून त्याच बिंदूवरून दुसरी मारा, दोन रेघा फाकल्या तर चूक त्या फाकण्याच्या निम्मी. तीन पृष्ठभाग एकमेकांवर आळीपाळीने तपासले तरच तिन्ही सपाट ठरतात, हे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये मांडलं. त्याची गंमत हीच, की सपाटपणा मिळवायला आधीचं सपाट काही लागत नाही.

आणि साधे इनसाइड-आउटसाइड कॅलिपर. ते कुणी विचारत नाही म्हणून मिळतील तेवढे उचला. ५० मि.मी.च्या बोअरमध्ये इनसाइड कॅलिपरचा एक पाय टेकवून दुसरा पाय आडवा झुलवून बघा. तो किती झुलतो त्याच्या वर्गाला बोअरच्या आठपटीने भागलं की कॅलिपर बोअरपेक्षा किती लहान आहे ते येतं. २ मि.मी. झुलला तर चार भागिले चारशे, म्हणजे ०.०१ मि.मी. डोळ्याला सहज दिसणाऱ्या दोन मिलिमीटरमधून शंभरांश पकडता येतो. पाय बोअरच्या अक्षाच्या दिशेने मात्र काटकोनात ठेवायचा, तिकडे तिरपा झाला तर हिशेब कोलमडतो. झुलणं किती ते मायक्रोमीटरवर लावलेल्या कॅलिपरशी ताडून बघितलं की हाताचा अंदाज पक्का होतो.

काय घेऊ नये तेही सांगतो. सेटिंग रॉड (सुरुवातीचं माप लावून घ्यायचा दांडा) नसलेला तीनशे मि.मी.च्या वरचा मायक्रोमीटर, हा नाकापेक्षा मोती जड. दातेरी पट्टी झिजलेला डायल कॅलिपर. एखादी मधली कांडी हरवलेला इनसाइड मायक्रोमीटरचा संच. गंज आतपर्यंत गेलेले स्लिप गेज.

साफसफाईचा नियम एवढाच: धातू काढायचा नाही, फक्त घाण काढायची. वाळलेलं तेल रॉकेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने निघतं, रात्रभर भिजू द्या. वरवरचा गंज पितळेच्या पट्टीच्या कडेने तेल लावून खरवडा, स्टीलला ओरखडा येत नाही. डागांना साधं खोडरबर चालतं. आम्लं रेघांच्या आत शिरतात, ती नकोत. सॅंडपेपर, तारेचा ब्रश, बफ, काहीच नको. स्पिंडल आणि नट धुतल्यावर इन्स्ट्रुमेंट ऑइलचा एक थेंब पुरतो. आट्यांवर ग्रीस लावलं तर स्पिंडल थंडीत जड होतो आणि हाताचा सगळा अंदाज बिघडतो. रेघांतला रंग गेला असेल तर काळा मेणखडू चोळून वरचा पुसून टाका, आतला राहतो.

ठेवताना तोंडं कधीच आवळून बंद ठेवायची नाहीत, मिलिमीटरभर फट असू द्या. जुन्या चामड्याच्या पाकिटातून साधन बाहेर काढा, पाकीट वेगळं जपा. कमावलेल्या चामड्यातली द्रव्यं स्टीलला गंज चढवतात, आणि असे कितीतरी मायक्रोमीटर त्यांच्या स्वतःच्या सुंदर पाकिटाने खाल्लेले मी पाहिलेत. जुने कारागीर पेटीत कापूर ठेवत. मी गंज रोखणारा व्हीसीआय कागद आणि ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवतो.

माझ्या त्या ०–२५ च्या पेटीच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवलंय. डावीकडे दहा मापं, पुढे दर वर्षाचा एक रकाना, वर तारीख आणि त्या दिवशीचं खोलीतलं तापमान. स्लीव्हवर व्हर्निअर आहे, त्यामुळे मायक्रॉनपर्यंत वाचता येतं. बहुतेक खाने शून्य किंवा एक. १०.३ ला उणे एक, १२.९ ला उणे दोन, १५ ला पुन्हा शून्य. मधल्या या भागात आटे थोडे झिजलेत, आधीच्या मालकाचं रोजचं काम बहुधा तेवढ्याच जाडीचं असावं. गेल्या सहा रकान्यांत १२.९ समोरचा आकडा हललेला नाही. म्हणून तेराच्या आसपासचं माप आलं की मी वाचनात दोन मायक्रॉन मिळवतो आणि शेवटचा कट लावतो.